बोलणं चौथ्या नंबरवर

३ नोव्हेंबर, सोमवार

...आणि नेमकं हेच मी आमच्या स्टेशनप्रमुख विल्मामॅडमना पटवत होतो, तर त्यांचं सगळं लक्ष सँडविचमध्ये. लोक पोलिसांशी बोलत नाहीत कारण पोलीस दिसतात! युनिफॉर्म दिसला की तोंडं बंद. म्हणून आजपासून रोज पाच ते सहा मी कास्टान्येलानमध्ये साध्या कपड्यांत फिरणार. त्या गल्लीतून महिन्यात सात इलेक्ट्रिक सायकली गेल्यात. महिनाअखेरपर्यंत चोर पकडला तर त्या वस्तीची गस्त कायमची माझी. नाहीतर परत टेबल आणि फाइली.

मॅडम म्हणाल्या, "रोशन, आधी बेल वाजव, ओळख कर, कॉफी पी."

कॉफी! चोर काय कॉफीला येणारेत?

५ नोव्हेंबर, बुधवार

गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नियम टाकला. एक, बघा. दोन, ११२ ला फोन. तीन, ग्रुपवर लिहा. चार, मग जमलंच तर त्या माणसाशी बोला. हे चार मुद्दे इथे सगळ्याच गल्ल्यांत जुनेच. 'क्रम बदलायचा नाही' ही लाल अक्षरातली ओळ माझी. त्रेचाळीस अंगठे आले! लॅमिनेट करून घरोघरी टाकला.

दोन नंबरच्या त्रुडीकाकू, रिटायर्ड मास्तरीण, ग्रुपवर विचारतात, "सरळ जाऊन 'काय हवंय हो तुम्हाला?' असं विचारलं तर?" अजिबात नाही, म्हणून ठणकावलं. या लोकांना शिस्त म्हणून नाहीच.

संध्याकाळी दोन फेऱ्या. गल्लीत कोणी पडदे लावत नाही, त्यामुळे काम सोपं. हळूहळू चालत प्रत्येक घराची वहीत नोंद घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आईचा फोन. सहज बोलून गेलो, तर तिने झापलंच. "बाबू, पडदे उघडे असतात ते लपवण्यासारखं काही नाही हे दाखवायला. बघायला नाही! सुरीनामहून इथे डच लोकांत आल्याला पन्नास वर्षं झाली, मी एकदा मान वळवली नाही."

आईला पोलिसांचं काम कळत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सहा वाजता ग्रुपवर मेसेज! 'संशयित. सावळा, गडद जॅकेट, लोकरी टोपी. हळू चालतो, खिडक्यांतून बघतो. चाळिशीचा. परदेशी वाटतो.'

माझ्या गल्लीत! माझ्या वेळेत! मी तेव्हा तिथेच होतो आणि मला एक माणूस दिसला नाही. म्हणजे अट्टल आहे. आणि आमची गाडी पोचली वीस मिनिटांनी, मी घरी गेल्यावर. कसले सहकारी हे! परदेशी म्हणजे जर्मन असणार. सावळा कसा? उन्हाळ्यात स्पेनला जाऊन आला असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परत तोच. 'आज वहीत काहीतरी लिहीत होता.'

वही! घरांची टिपणं काढतोय हरामखोर. संतापाने झोप नाही. उद्यापासून दोनच्या जागी पाच फेऱ्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पकडला! दुपारी दोनला, युनिफॉर्ममध्ये असताना. सावळा, चाळिशीचा, गडद जॅकेट, टोपी. भिंतीला हात टेकवून उभा केला. पिशवीत हातोडी, पाना, चिमटे. म्हणतो, पियानो सुरात लावतो. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात.

अकरा मिनिटांनी त्रुडीकाकू सपाता घालून धावत आल्या. "अहो साहेब, हा ओर्लांडो! बारा वर्षं माझा पियानो हाच लावतो!"

ओर्लांडोने एकेक हत्यार उचलून पिशवीत ठेवलं. म्हणाला, "पिशवीत हात घालण्याआधी नाव विचारलं असतं, तर सांगितलं असतं." मग माझ्या तोंडाकडे बघून, "निदान तुम्ही तरी!"

पियानो न लावताच गेला.

'तुम्ही तरी' म्हणजे काय? वर्णन जुळत होतं. माझी काही चूक नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ओर्लांडोची तक्रार आली. मॅडम म्हणतात, घरी जाऊन माफी माग. मागेन. आधी चोर. चोर सापडला की माफीची गरजच उरणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७:४०

पाचला त्रुडीकाकूंच्या कुंपणामागे दबा धरून बसलो. सव्वापाचला दोन गाड्या, चार पोलीस, एक कुत्रा. शेजारच्या विभागातले, एकही ओळखीचा नाही. हात भिंतीला.

ओरडलो, मी पोलीस आहे! त्यातला जाड्या म्हणाला, "सगळे असंच म्हणतात."

ओळखपत्र युनिफॉर्मच्या खिशात. युनिफॉर्म लॉकरमध्ये. जाड्याने माझी वही मोठ्याने वाचली. "नंबर चौदा. बाई एकटी. सायकल पॅसेजमध्ये. सहाला जेवते." मग माझ्याकडे असं बघितलं की मलाच माझी भीती वाटली.

अख्खी गल्ली खिडक्यांत उभी. शेवटी मी हाक मारली, "काकू, मी रोशन!" त्या आल्या, डोळे बारीक केले. "अगं बाई! युनिफॉर्मशिवाय ओळखलंच नाही हो. रोज वाटायचं, जाऊन विचारावं. पण तुमचाच कागद दाराला लावलाय ना. बोलणं चौथ्या नंबरवर."

चाळिशीचा म्हणे! मी सव्वीसचा आहे. परदेशी म्हणे! स्टेशनामागच्या हॉस्पिटलात जन्मलोय मी. त्रेचाळीस अंगठे देणाऱ्यांपैकी एकालाही नाव विचारावंसं वाटलं नाही.

सगळे मला बघत होते तेव्हा मागच्या बोळातून आणखी तीन सायकली गेल्या. मॅडमनी वस्ती माझ्याबरोबरच्या फेम्केला दिली. ती उद्यापासून कॉफी प्यायला जाणार आहे.

मी भिंतीला पंधरा मिनिटं उभा होतो. ओर्लांडो अकरा. माझ्याच रिपोर्टात लिहिलंय.

उद्या त्याच्याकडे जायचं ठरवलंय. साध्या कपड्यांत, हेच जॅकेट, हीच टोपी. बेल वाजली की त्याने दार उघडावं, की आधी ११२ फिरवावा? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?