नाल्याच्या अहवालातलं शेवटचं वाक्य

बाबा, आज तुमच्याबद्दल लिहिलेलं एक वाक्य वाचलं आणि त्याखाली सही केली. तुमचं नाव त्यात नाही, पण आहे ते तुमच्याबद्दलच.

मी हल्ली माजिवड्याजवळच्या एका कॉलेजात शिकवते. पाणी, हवा, कचरा हे जगाचे प्रश्न एकट्या कुठल्या विषयाने सुटत नाहीत, म्हणून रसायनशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकलेली मुलं एकत्र बसवून पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी द्यायची, असा आमचा अभ्यासक्रम. त्यासाठी मी कितीतरी वर्षं भांडले. आता दमलेय. केमिस्ट्रीवाल्यांना कलमं ऐकून जांभया येतात, कायदेवाले आकडे दिसले की मोबाईल काढतात, आणि दोघांची समजूत घालता घालता माझा घसा बसतो.

यंदा चौघांनी डोंबिवलीच्या कारखान्यांमागचा नाला घेतला. एकीने पाणी तपासलं, एकाने कायदा पाहिला, एकाने शुद्धीकरणाचा खर्च मांडला, एकीने काठावरच्या बायकांशी बोलून घेतलं. चारही प्रकरणं चोख. मग चौघांनी मिळून शेवट लिहिला: कामगारांच्या निष्काळजीपणामुळे सांडपाणी नाल्यात जाते. कामगाराला मात्र कुणीच भेटलं नव्हतं. तो कुणाच्याच विषयात येत नव्हता. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय.

ते वाचताना मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. मी एमएस्सीला आहे, त्याच नाल्याचं पाणी बाटलीत भरून आणलंय आणि ओट्यावर ठेवलंय. तुम्ही कारखान्यातल्या पहिल्या पाळीवरून येता, झाकण उघडून वास घेता. "हे आमचंच. काल सोडलेलं." मी विचारते, "कुणी सोडलं?" "मी. आणि ती बाटली खाली ठेव आधी, तिथं तुझी आई भाकऱ्या थापते." मग हातपाय धुता धुता तुम्ही सगळं सांगता. त्यात कुठलं अ‍ॅसिड आहे, वीज वाचवायला शुद्धीकरणाचं मशीन कसं बंद ठेवतात, सरकारी माणसं तपासणीला येणार हे साहेबांना आधीच कसं कळतं, आणि नाल्याकडचा वॉल्व्ह उघडायला नाही म्हणणारा दुसऱ्या दिवशी गेटबाहेर कसा असतो. आम्ही दोन वर्षांत चार विषय जोडू शकत नाही. तुम्ही ते जेवायला बसायच्या आत जोडलेत. मी ऐकून घेतलं आणि दोन आठवडे तुमच्याशी बोलले नाही. ते मला अजून टोचतं.

आज मुलांना मी एवढंच म्हटलं, "अरे, त्या माणसाला कुणी सांगितलं असेल तर?"

"पण मॅडम, वॉल्व्ह त्यानेच खोलला ना? आपोआप थोडी खुलतो," कायद्याचा मुलगा म्हणाला. पाणी तपासणारी मुलगी जरा चपापली. "मॅडम, तुमच्या ओळखीत कोणी आहे का कंपनीत काम केलेलं? त्यांच्याकडून कळलं तर आम्ही लगेच वाक्य बदलतो. खरंच."

मी नाही म्हटलं. नुसतं नाही, मान हलवून, सहज. मग पेन मागितलं.

सोमवारी हा अहवाल कारखानदार आणि पालिकेच्या लोकांपुढे मांडला जाईल. ते शेवटचं वाक्य तेवढं त्यांच्या सोयीचं आहे. कुठल्यातरी ऑपरेटरला घरी बसवतील, मशीन बंदच राहील. हे मला कळतं. मुलांना एक फोन केला तर थांबेल, हेही कळतं. पण मग सांगावं लागेल की ज्या नाल्यावर मी आयुष्यभर व्याख्यानं दिली, त्यात पाणी सोडणारा हात माझ्या बापाचा होता.

सोमवारच्या आत सांगेन, असं इथे लिहिणार होते. पण हे पत्र कुठे जाणार नाही, मग यात तरी खोटं कशाला? मला अजूनही तुमची लाज वाटते, बाबा.