मढव्यांच्या फ्लेक्सवरची माणसं

१२ जानेवारी
दाजीकाकांनी कामाला लावलं! पनवेलला मढवी कुळाचं संमेलन आहे, फ्लेक्सवर नामवंत मढव्यांचे फोटो हवेत. "तू वकील हायस, तूच शोद." शोधताना मजा आली. एक पहिलवान, दोन सरपंच, एक डॉक्टर आणि एक आजोबा — त्यांचे बैल शर्यतीत कधी हरले नाहीत म्हणे. (मग नामवंत कोण, आजोबा की बैल?) पण बाई एकही नाही. असं कसं?

१३ जानेवारी
चंद्रावती आत्या! काकांची सख्खी बहीण, धवलारीण. ती धवले गायला बसल्याशिवाय आमच्या आगरी घरांत लग्नाचे विधी सुरूच होत नाहीत. उरणपासून ओवे गावापर्यंत तिला बोलावणी. यादीत पहिलं नाव तिचं.

१४ जानेवारी
काकांनी खोडलं. "ती म्हात्र्यांची झाली. ते बगतील."

१६ जानेवारी
म्हात्र्यांचाही फ्लेक्स आहे! आत्याच्या पुतण्याला, भावेशला फोन केला. "काकी? ती तर तुमची लेक! आमी आमच्या घरात जन्मलेलेच घेतो." दोन कुळं, आणि बाई कुठेच नाही. डोकं सणकलं.

२० जानेवारी
करंज्याला आत्याकडे गेले. सुकट निवडत होती. ऐकून हसली — "मंग मी कोनाची गो?" मला नाही हसू आलं. विचारलं, धवल्यात पूर्वजांची नावं घेतेस, त्यात बायका असतात? तिचा हात थांबला. "नाय. सासूनं शिकवलं तसंच गाते." मग पुन्हा सुकट निवडायला लागली.

८ फेब्रुवारी
काकांच्या मुलाची, निकेशची हळद. आत्या गायला बसली. पूर्वजांची नावं आली आणि — सगळ्या बायकाच! भामा, चांगुणा, कुमुद... घरात जन्मलेल्या, घरात आलेल्या. मांडवात कुजबुज. पण धवला मध्येच थांबवत नाहीत, अपशकुन मानतात. काका हात जोडून उभे, तोंड उघडायची सोय नाही! मला तर नाचावंसं वाटत होतं.
नंतर ते हळूच आत्याजवळ गेले. "चंद्रे, ही भामा कोन?"
"आपली आजी, दादा."

९ फेब्रुवारी
काका सकाळीच आले. "चंद्रीचा फोटू टाक." आत्याला कळवलं. तिची एकच अट — आधी भामाचा.
काका दुपारपर्यंत सगळ्या मढव्यांच्या घरी जाऊन आले. कुणाकडेच नाही.