शेवटच्या पंगतीला

जयराज,

रामराम लिहूनच घालतो. तू दारात येऊन पाइप हाणलास, तवापासनं माझा जबडा तारेनं बांधलाय.

मला खाली पाडून तू एकच इचारत हुतास, "दाजी, मीच का?" उत्तर द्यायला तोंड ठेवलं न्हाईस, गड्या. आता ऐक. कंपनीचा हुकूम हुता, प्रत्येक सुपरवायझरनं आपल्या माणसांना नंबर लावायचे आणि शेवटच्याला घरी बसवायचं. कुणीतरी शेवटी लागणारच. आपल्याकडं लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसत्यात, कुणी रुसत न्हाई. तसाच, सख्खा मेव्हणा म्हणून तुला शेवटी घातला. परका गेटवर बोंबलला असता. तू समजून घेशील वाटलं. तू माझे दात पाडलेस.

जिन्यावरनं पडलो, असं पोलिसांना लिहून दिलंय. पाइपवरचं रगत तुझ्या आक्कानं धुतलं.

काल साताऱ्यातनं साहेबांचा फोन आला. आता सुपरवायझरांनाबी नंबर लावलेत, आणि मी शेवटी. मला बोलता येत न्हाई हे ठाऊक असून म्हणाले, "नाथाजी, परक्याला कसं दुखवणार? तुम्ही तर घरचेच." उद्या फळं घेऊन मला बघायला येणार हायत. एकटेच.

हे पत्र तुला धाडत न्हाई. उद्याच्या कामात तुझं नाव यायला नको. तुझ्या आक्काला सकाळच्या एसटीनं कडेगावला लावून देतोय. पाइप माझ्या खाटेखाली हाय.

तुझा,
दाजी