सहीच्या खालचा मजकूर

वॉशिंग्टन,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप डेलबर्टदादा यास,

धाकट्या व्हर्नाचा मनापासून नमस्कार. प्रकृती कशी आहे असं मी विचारत नाही, कारण तू ‘झकास’ म्हणणार आणि मग ओपलवहिनी फोन घेऊन हळू आवाजात खरं काय ते सांगणार. तरी प्राणवायूचं नळकांडं बरोबर घेतल्याशिवाय कोंबड्यांना दाणे टाकायला जाऊ नकोस. (कोंबड्या थांबतील. त्यांना कुठे ऑफिस गाठायचंय?) वहिनीच्या खारवलेल्या घेवड्याच्या बरण्या पोचल्या. एक वाटेत फुटली आणि तुझी चिठ्ठी तिच्या पाण्यात भिजली, त्यामुळे ‘भांडू नकोस’ एवढंच वाचता आलं. बाकीच्या ओळींतही तेच असणार. मी बरी आहे, नोकरी व्यवस्थित चालली आहे.

आता तो खाणीतल्या धुळीचा कायदा. संसदेतल्या आमच्या समितीत बसून अकरा वर्षांत मी त्याचा मसुदा एकोणीस वेळा टाइप केला, हे तुला माहीत आहेच. त्यातलं माझं कलम म्हणजे सातवं. निरीक्षकानं खाणीत मोजलेल्या धुळीचे आकडे खाण खात्यानं तीस दिवसांत संसदेला द्यायचे, आणि त्या खाणीत काम केलेल्या कुणीही लेखी मागितले तर त्यालाही द्यायचे. बाकीची चौदा कलमं उंदरांनी खाल्ली असती तरी माझी हरकत नव्हती. तुझी फुप्फुसं त्या धुळीनं खाल्ली, आणि आता त्याच खाणीत तुझा मुलगा, आपला वेड, रोज उतरतो. पोराच्या छातीत काय जातंय ते कागदावर दिसावं, एवढीच माझी हाव होती आणि अजून आहे.

जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी सही केली. मला समारंभाला बोलावलं होतं. (उसना कोट घालून गेले. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, म्हणून फोटोत मी हात मागे घेतलेत. अदब वगैरे काही नाही.) इथली रीत अशी की सही एका पेनानं करायचीच नाही. बारा पेनं मांडून ठेवतात, प्रत्येकानं अक्षराचा एकेक तुकडा काढायचा आणि मग ती पेनं पाहुण्यांना वाटायची. माझ्या वाट्याला आलेल्या पेनानं फक्त एक टिंब दिलं होतं. पण ते आपल्या कायद्यावरचं टिंब होतं, आणि खरं सांगते, मी तिथे सगळ्यांसमोर रडले.

संध्याकाळी सहीसोबतचं निवेदन हाती आलं. चार परिच्छेद कौतुकाचे, खाणकामगार म्हणजे देशाचा कणा वगैरे. पाचव्यात लिहिलं होतं की संसदेला माहिती देण्याबाबत कलम सातमध्ये जे म्हटलंय, त्याचा अर्थ राष्ट्राध्यक्ष आपल्या घटनादत्त अधिकारांशी सुसंगत असा लावतील. मी बावीस वर्षं हीच भाषा टाइप करते आहे, दादा. याचा आपल्या डोंगरातल्या भाषेत अर्थ असा, की आकडे आम्हाला वाटलं तर देऊ. घटनेत म्हटलंय, पटलं तर सही करा, नाही पटलं तर कारणं लिहून परत पाठवा, दोन्ही नको असेल तर रविवार सोडून दहा दिवस गप्प बसा, कायदा आपोआप होतो. सही करून, टाळ्या घेऊन, मग मागच्या दारानं एक कलम बाहेर काढा असं त्यात कुठेही नाही. उलट कायदे इमानानं अमलात आणणं हे त्यांचं काम म्हणून लिहिलंय. आमचे मुख्य कारकून टॅल्मेजसाहेब म्हणाले, “अहो व्हर्नाबाई, सगळेच अध्यक्ष असं लिहितात. त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?” सगळेच लिहितात म्हणूनच मी मनावर घेतलं.

आठवड्यानं पेनाची पावती सही करायला आली. अटी तीन. तिसरी अशी की या पेनाचा वापर राष्ट्राध्यक्षांच्या कार्याला कमीपणा येईल अशा कामासाठी करणार नाही. मी सही केली आणि खाली लिहिलं, ‘अट तीनचा अर्थ मी नागरिक म्हणून मला असलेल्या घटनादत्त अधिकारांशी सुसंगत असा लावीन.’ मग त्याच पेनानं खाण खात्याला आकड्यांसाठी स्मरणपत्रं लिहायला लागले. आजवर चौदा झाली.

एकदा हात बसल्यावर मी थांबले नाही. ऑफिसातल्या हजेरीच्या नियमांवर सही केली, खाली निवेदन. घरमालकिणीच्या भाडेकरारात ‘मांजर पाळू नये’ होतं, तिथेही निवेदन. (मांजराचं नाव ‘पाहुणा’ ठेवलंय.) चर्चच्या जेवणाच्या यादीत माझ्या नावापुढे चाळीस माणसांचं बटाट्याचं सॅलड होतं. त्याखाली लिहिलं की ‘चाळीस’चा अर्थ मी माझ्या स्वयंपाकघरावरील माझ्या संपूर्ण नियंत्रणाशी सुसंगत असा लावीन, आणि नऊ जणांना पुरेल एवढं घेऊन गेले. यादी करणाऱ्या ब्यूलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सही केलीस ना गं? मग सही म्हणजे काय गंमत वाटली तुला?” मी म्हटलं, “ब्यूलाबाई, हेच वाक्य तुम्ही राष्ट्राध्यक्षांना कळवाल का?” त्या दिवसापासून चर्चमध्ये बाकावर माझ्या शेजारी कुणी बसत नाही. पाय पसरून बसता येतं.

सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे एक वकील मला भेटायला आले. लासिटर नाव, मनगटावर सोन्याची बटणं, बोलणं अगदी गुळगुळीत.

“बाई, पावतीवरची ती ओळ मागे घ्या.”

“का हो? तुमच्याच ओळीची नक्कल आहे.”

“तुम्ही सही केली की अटी लागू झाल्या. खाली काय लिहिलंत त्यानं काही फरक पडत नाही.”

“मग मागे घ्यायला तरी कशाला सांगता? बरं, फरक पडत नाही हे लिहून द्या.”

या लोकांची एक खोड आहे, दादा. ‘लिहून द्या’ म्हटलं की त्यांचा हात आपोआप चालायला लागतो. दुसऱ्या दिवशी टिपण आलं, छापील शीर्षाच्या कागदावर, खाली सही: ‘सही करताना जोडलेल्या निवेदनामुळे सही केलेल्या मजकुराचं बंधन कमी होत नाही.’ मी अकरा झेरॉक्स काढल्या आणि एक आमच्या समितीच्या अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती भर सुनावणीत वाचून दाखवली. लासिटरसाहेब टिपण परत मागायला धावत आले. मी म्हटलं, परत मिळणार नाही, पण हवं तर त्याला एखादं निवेदन जोडा.

तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस, आणि भांडू नकोस असं पुन्हा लिहू नकोस. वहिनीला नमस्कार, वेडला माझी आठवण सांग.

तुझी,
व्हर्ना

ता. क. नोकरी व्यवस्थित चालली आहे असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. सगळी निवेदनं शुक्रवारपर्यंत मागे घ्या, नाहीतर निवृत्तीचा अर्ज द्या, असं टॅल्मेजसाहेबांनी सांगितलंय. मी एकही मागे घेणार नाही. मागची खोली रिकामी करून ठेव. पाहुण्याला घेऊन येईन.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी आहे. निवेदनात फक्त संसदेला द्यायच्या आकड्यांबद्दल लिहिलंय. कामगारानं मागितले तर काय, हे लिहायला ते विसरले. कलम सातचा तो अर्धा भाग जसाच्या तसा शाबूत आहे, आणि आडवे आलेच तर लासिटरचं टिपण माझ्याकडे आहे. पण चार महिन्यांत तुमच्या खाणीतून एकही अर्ज आला नाही. मुलाचं काम जाईल म्हणून सगळे गप्प, हे मला कळतं. वेडला अर्ज करायला सांगणार नाही. पण तू बत्तीस वर्षं तिथे उतरलास, आणि तुझ्याकडून आता त्यांना आणखी काय घ्यायचंय? वेडला हल्ली आडवं होऊन झोपता येत नाही, असं वहिनी म्हणाली. तू मला सांगितलं नाहीस. सोबत अर्ज आहे, मी भरलाय. सही कर, दादा. पूर्ण नाव लिही, आणि त्याच्या खाली काही लिहू नकोस.