कोटाची ट्रायल

२७ नोव्हेंबर १९६१
दुकानात उंदीर. ड्रॉवरमधला मापाचा टेप कुरतडला. शुभदा म्हणते, मांजर आणू. बायकोला टेलरिंगचं सायन्स कळत नाही. लोकरी कापडाला मांजराचे केस चिकटले की संपलं. आठ दिवसांत मीच बंदोबस्त करणार. मेथडने.

२९ नोव्हेंबर
हयवदनराव, रिटायर्ड हेडमास्तर, कोटाचं कापड देऊन गेले. दहा तारखेला मुलीचं लग्न. कापड भावाने परदेशातून आणलंय, पुन्हा मिळणार नाही, असं तीनदा बजावलं. कानडीत म्हटलं, सरी, ठीक आहे, काळजी नको.

१ डिसेंबर
सापळा आणला. उंदराने आतली पोळी खाल्ली आणि गेला. स्प्रिंग ढिली. हल्ली माल चांगला येत नाही.

४ डिसेंबर, सोमवार
कोट तयार. हयवदनरावांचं नि माझं माप एकच (पोट सोडून). कोट चालताना कसा पडतो ते बघणं टेलरचं कर्तव्यच. म्हणून घालून भुईमुगाच्या शेंगांच्या परिषेला, म्हणजे जत्रेला गेलो, थेट बसवण्णाच्या देवळापर्यंत. फॉल एक्सलंट. दोन्ही खिशांत शेंगा भरून शिलाईही टेस्ट केली. शेंगा सापळ्यात लावणार. उद्या.

५ डिसेंबर, सकाळी ९
हँगरवरच्या कोटाच्या उजव्या खिशाला रुपयाएवढं भोक. खाली टरफलं. सापळा रिकामा.

११ वाजता
शुभदाला सगळं सांगितलं, परिषेचं सोडून. टरफलं बघून ते तिनेच सांगितलं. खरंच घाबरलोय. मुलीच्या लग्नात माणूस फाटका कोट घालणार, माझ्यामुळे.

६ डिसेंबर
उरलेल्या तुकड्यातून शुभदाने दोन्ही खिशांवर फ्लॅप लावले. भोक गायब. आयडिया तत्त्वतः माझी.

११ डिसेंबर
हयवदनराव लाडू घेऊन आले. म्हणाले, फ्लॅपचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी लेटेस्ट फॅशनबद्दल बोलायला लागलो. त्यांनी खिशातून एक शेंग काढून टेबलावर ठेवली.
"रिसेप्शनमध्ये रुमाल काढताना ही हाताला लागली. परिषेत मी तुमच्या मागेच होतो, अण्णा. कोट चालताना छान पडतो."
मग आत वळून विचारलं, फ्लॅप कुणी लावले? शुभदा हसली. मी लाडू खाल्ला.

१८ डिसेंबर
मांजर आणलं. उंदीर बंद. गिऱ्हाइकं दारातूनच विचारतात, अक्का आहेत का? मी बटणं लावतो, स्टुलावर बसून, कारण खुर्चीत मांजर झोपतं. कोटांवर केस चिकटतात. ते मी ब्रशने काढतो. मेथडने.