कुंकवाखालची सुई

मी, क्षिप्रा गुलाबराव शिर्के, वय सत्तावीस, अविवाहित, राहणार वैशाली, गाझियाबाद, व्यवसाय एका ट्रकची मालवाहतूक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्षर वाकडे आले आहे ते धाप लागते म्हणून. कोणाच्या दडपणामुळे नव्हे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. त्यातून उठेन का, असे मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी जेवणाखाण्याचा विषय काढला. म्हणून हे लिहून ठेवते.

१. राहते घर माझी आई श्रीमती भानुमती हिच्याच नावावर आहे. पुढे कोणाला शंका राहू नये एवढ्यासाठी लिहिले.

२. बँकेतली माझी शिल्लक आईला मिळावी. कपडे तिने हवे त्यांना द्यावेत. हिरवा स्वेटर देऊ नये, त्याचा ऑइलचा वास जात नाही.

३. बाबांची पान्यांची पेटी ज्ञानोबाकाकांना द्यावी. काका बाबांच्याच गावचे, आणि पहिल्या दिवसापासून आमच्या ट्रकचे ड्रायव्हर. या पेटीवर माझे शिक्षण झाले आहे. दुखण्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबा लष्कराच्या वर्कशॉपमधून आले की पाने जमिनीवर मांडत आणि त्यांवरच्या अर्धा इंच, पाऊण इंच अशा मापांत कोणता मोठा, कोणता लहान, यावरून अपूर्णांक शिकवत. शाळेत गेल्यावर सगळे सोपे वाटले, पण पान्यांशिवाय मला गणित आवडले नाही.

४. ट्रक. हे कलम लांबेल.

बाबांच्या शेवटच्या वर्षी इंजिन जाम झाले. ते उघडून जळलेली बेअरिंगे त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. सुई आधी पडते." आमच्या गाडीला ऑइलचा दाब दाखवणारी सुई नव्हती, दाब संपल्यावर लागणारा लाल दिवा तेवढा होता. बाबा गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. मी काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन दिव्याच्या जागी ऑइलच्या दाबाचा एक आणि तापमानाचा एक असे मीटर आणले, शिवाय ऑइल आणखी बारीक गाळणारा जादा फिल्टर बसवला. काका म्हणाले, "ताई, गाडी चालवू का घड्याळं बघू?" तरी ऑइल जास्त दिवस स्वच्छ राहू लागले तेव्हा ज्याचा माल आम्ही वाहतो त्या मानेसरच्या कारखान्याच्या फाटकावर तेच इतर ड्रायव्हरांना तो फिल्टर दाखवत असत.

यंदा दसऱ्याला आईने गाडीची पूजा केली. नव्या वस्तूचा मान पहिला, म्हणून दाबाच्या मीटरच्या काचेवर तिने तेलात कालवलेल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले. चांगले जाड काढले. ते वाळले. मी काकांना पुसायला सांगितले तर म्हणाले, "आईसाहेबांनी लावलंय. देवावरचं कुंकू मी कसं पुसू?" आणि रोज त्याला उदबत्ती ओवाळत राहिले.

दिवाळीनंतर तपासणीसाठी मी त्याच गाडीतून दिल्लीला निघाले होते. तापमानाची सुई चढलेली दिसली. मी ओढणीने दाबाच्या मीटरची काच पुसली. खाली सुई शून्याला टेकली होती. "काका, इंजिन बंद करा," एवढेच म्हटले. फिल्टरच्या नळीचा जोड सैल झाला होता, सगळे ऑइल रस्त्यावर. इंजिन वाचले.

घरी काकांनी कौतुकाने सांगितले. आईने इंजिनाबद्दल काही विचारले नाही. ती म्हणाली, "एकदा माझं पुसलं. आता त्यांच्या गाडीचंही तू पुसलंस." दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला. कुंकू पुसले म्हणून झडप बिघडली, असा संबंध तिने लावला ते मला कळले. मी तिला झडपेचे चित्र काढून समजावले. तिने मान हलवली आणि चित्र घडी करून उशीखाली ठेवले.

आईचा महिना या ट्रकवर चालतो. मी असेन तोवर काच पुसेन. पुढच्या दसऱ्याला ती पुन्हा स्वस्तिक काढेल आणि काका पुसणार नाहीत. ड्रायव्हर बदलला तरी मालकिणीने लावलेले कुंकू कोण पुसेल? पूजेला मनाई करणारे कलम मी लिहून पाहिले. मी गेल्यावर ते तिला वाचून दाखवतील, हे मनात आले आणि कागद फाडला.

म्हणून ट्रक विकावा. दसऱ्याच्या आत विकावा. येणारी रक्कम आईच्या नावे मुदतठेवीत ठेवावी. काकांचे काम जाईल. हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि मला दुसरी वाट सापडलेली नाही.

५. ही व्यवस्था माझा भाऊ यशोधन, राहणार गुडगाव, याने पाहावी. तो मागे म्हणाला होता, "ताई, विकून टाक ना यार, किती दिवस या डब्यामागे राहणार?" त्यावर, तू बाबांना विकायला निघालास, असे मी म्हटले आणि आमचे बोलणे थांबले. ते शब्द मी मागे घेते. गाडीला डबा म्हटल्याचे मात्र विसरलेले नाही.

६. घेणाऱ्यापासून नळीची गोष्ट लपवू नये. फिल्टर कसा बदलायचा ते काकांनी त्याला दाखवावे. दाबाचा मीटर काढून घ्यावा आणि त्या जागी तसाच नवा बसवून द्यावा. त्याची काच स्वच्छ असावी.

७. काढलेला मीटर आईला द्यावा. तिने तो देवघरात ठेवावा आणि हवे तेवढे कुंकू लावावे. तिथे सुई शून्यावरच राहील, आणि त्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, खाडाखोड नाही. सही खालील दोघांसमोर केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

क्षिप्रा गुलाबराव शिर्के

साक्षीदार:
पद्माकर रामचंद्र दामले, शेजारी
सुनेत्रा पद्माकर दामले, शेजारी

वैशाली, गाझियाबाद
२ डिसेंबर २००१