रविवारी शिरपाचा फोन येतो

१२ नोव्हें., बुधवार. शाहूपुरी.

अजून बॅग उघडलेली नाही. आधी हे लिहून काढते.

विमान कंपनीनं तारीख बदलली म्हणून आठवडाभर आधीच निघाले. बाळूला कळवायचं राहून गेलं. म्हटलं, किल्ली आपल्याकडे, घर आपलं, विचारायचं कुणाला?

कुलूप नव्हतंच. दार आतून बंद. बेल दाबली. बऱ्याच वेळानं एका म्हातारीनं उघडलं. फिकट लुगडं, जाड चष्मा, गळ्यात दोरीला बटणांचा मोबाईल.

"कोन पावणं?"

मला वाटलं, मजला चुकला. पण पाटी आमचीच. ह्यांनी स्वतः स्क्रू पिळून लावलेली.

"हे माझं घर आहे," म्हटलं.

"तुजं? ह्ये माज्या भावाचं घर हाय. कॅनडाला असतोय त्यो."

बॅग हातातून सुटली.

गंगूआक्का. ह्यांची थोरली बहीण, नेसरी गावची. आई गेल्यावर हिनंच ह्यांना वाढवलं. आणि मी जातीबाहेरची म्हणून 'त्या पोरीचं तोंड बघनार न्हाय' असा निरोप धाडून लग्नाला आली नाही ती हीच. तेव्हापासून आमच्या घरात हिचं नाव निघालं नाही. मी तर धरून चालले होते की ती केव्हाच गेली असेल.

ती पण ओळखून चुकली. "म्हंजे तू ती," म्हणाली. मग आत वळली. "हुबी का? यं की आत. च्या ठेवतो."

चहा हातात दिला आणि विचारलं, "आमचा शिरपा बरा हाय न्हवं? त्यो का न्हाय आला?"

हे फेब्रुवारीत गेले. ह्यांच्या अस्थी त्या क्षणी माझ्या हातातल्या पिशवीत होत्या. इथून जवळच वाडीच्या तीर्थाला, नद्यांच्या संगमात सोडायच्या म्हणून आणलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आधी येता आलं नाही.

मी म्हटलं, "हं."

का म्हटलं 'हं'?


१३ नोव्हें., गुरु.

झोप नाही. पलंग आक्काकडे, मी हॉलमध्ये दिवाणावर. स्वतःच्या घरात पाहुणी.

सकाळी बाळू धावत आला. ह्यांच्या चुलतभावाचा मुलगा, इथेच खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान. फ्लॅटची देखभाल त्याच्याकडे. मला गॅलरीत ओढून नेलं.

"नलूकाकू, तुम्ही पुढच्या बुधवारी येणार होता की! मी त्यांना माझ्याकडं हलवणार होतो."

"कधीपासून आहेत?"

"त्यांचा पोरगा वारला, सून माहेरी गेली, तवापासून. चार वर्षं झाली असतील. काकांनीच सांगितलं ठेव म्हणून."

"काकांनी?"

"तुम्हाला... म्हायती न्हवतं?"

नव्हतं. चार वर्षं एका छपराखाली, एका ताटाशेजारी ताट. आणि मला माहीत नव्हतं. दर रविवारी हे गराजमध्ये जाऊन फोन करायचे. "फ्लॅटचं बघतोय," म्हणायचे. गळती, सोसायटी, पाण्याची टाकी. मी म्हणायचे, एवढं काय गळतंय त्या फ्लॅटमध्ये?

बाळूला विचारलं, काका गेल्याचं हिला का नाही सांगितलं? तो दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून गेला.


१४ नोव्हें., शुक्र.

बँक. जॉइंट खातं, ह्यांचं नाव काढायचं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मोबाईलवर ओटीपी गेलाय, सांगा. तो गेला इथल्या जुन्या नंबरावर, जो केव्हाच बंद; माझा मोबाईल कॅनडाचा. इथला नंबर घ्यायला आधार. आधारवर ह्याच फ्लॅटचा पत्ता, पण तेही त्याच बंद नंबराला जोडलेलं. मृत्यूचा दाखला दाखवला तर म्हणे परदेशातला आहे, वकिलातीचा शिक्का लागेल. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "नाहीतर एकदा साहेबांनाच समोर आणा मॅडम, पाच मिनिटांचं काम."

दाखला त्याच्या हातात होता.

बाहेर पायरीवर बसले. कुणीतरी पाणी दिलं.

बी.पी.च्या गोळ्या पण संपत आल्यात. तिकडचं नाव इथे नाही. औषधवाला म्हणाला, "ह्येच हाय, कंपनी निराळी." घेतल्या.


१५ नोव्हें., शनि.

मेघाचा फोन. लेकीला सगळं सांगितलं. "मॉम, दॅट्स युवर हाऊस. पोलिसांना सांग ना!" मग जरा थांबून, "बाबांना बहीण होती?"

मी काय सांगू तिला. 'होती' की 'आहे'.

आक्का भाकरी फार पातळ करते. चष्मा काढून, हातांनीच अंदाज घेत. मला वाढली. खरकटं काढायला गेले तर ताट ओढून घेतलं. "पावण्यानं काढू न्हाई."

उद्या रविवार. सकाळपासून तीनदा म्हणाली, "उद्या शिरपाचा फोन येतोय."

मला वाटलं, बिचारीचं डोकं फिरलंय. अजून वाट बघते.


१६ नोव्हें., रवि.

फोन आला.

अकराच्या सुमारास आक्का न्हाऊन, केस विंचरून खुर्चीवर बसली. मी कोथिंबीर निवडत होते. तिच्या गळ्यातला मोबाईल वाजला. तिनं स्पीकरचं बटण दाबलं. कमी ऐकू येतं म्हणून.

"आक्का, मी शिरपा."

ह्यांचा आवाज. मी शपथेवर सांगते, ह्यांचाच. तोच घोगरा, 'शिरपा'वरचा तोच हेल. कोथिंबीर खाली पडली. मी भिंत धरली. क्षणभर, खरंच क्षणभर, मला वाटलं की जे झालं ते झालंच नाही. हॉस्पिटल, ती थंडी, मेघानं दाबलेलं दहनभट्टीचं ते बटण, हे काहीच नाही.

"जेवलास का रं? खोकला बरा हाय?"

"बरा हाय. तू गोळ्या घेतीस न्हवं?"

"घेतो की. आरं, तुजी बायकू आल्या हितं! आन् तू सांगितलं बी न्हाईस?"

मग, "व्हय... ते... नेटवर्क जायालंय आक्का." कट.

नेटवर्क कसलं. पलीकडे मागून मला रिक्षाचा भोंगा ऐकू आला होता. आणि तोच भोंगा खिडकीतून पण.

गॅलरीत गेले. खाली दुकानाच्या दारात बाळू उभा. हातात फोन. वर बघत.


१७ नोव्हें., सोम.

दुकानात गेले. तांब्याच्या तारांचा ढीग, बाळू स्टुलावर. मी ओरडणार होते. सगळं ठरवून गेले होते, काय काय म्हणायचं.

"काका गेले त्या रविवारी फोन आला न्हाई," तो म्हणाला, मी विचारायच्या आधीच. "आक्का दिवसभर खुर्चीत. जेवल्या न्हाईत. फुडच्या रविवारी बी तसंच. चक्कर येऊन पडल्या. मी मुद्दाम न्हाई केलं काकू. दुकानातनं फोन लावला, येतोय वर म्हणून सांगायला. मी हॅलो म्हणलो. त्या म्हणाल्या, शिरपा, आवाज बसला का रं? मी... व्हय म्हणलो."

"आणि मग?"

"मग जेवल्या की त्या."

"अरे, तो मेलाय बाळू! माझा नवरा मेलाय!" रस्त्यावरचे दोघं वळून बघायला लागले.

तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, हात ग्रीसनं काळे, तसेच डोळ्याला लावले. "सांगा मग तुम्ही. तुमचा अधिकार हाय. मला जमंना."

आवाज आमच्या घराण्याचाच, म्हणे. सगळ्यांचा सारखाच. मी एवढी वर्षं ह्यांच्याशिवाय कुणाचा ऐकलाच कुठे होता.


१८ नोव्हें., मंगळ.

डोकं बधिर. पिशवीतला अस्थींचा डबा कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला. शालीत गुंडाळून. आक्का म्हणाली, "काय गं जड?" म्हटलं, औषधं.


२० नोव्हें., गुरु.

काल पडले. बाथरूममध्ये डोळ्यापुढे अंधार आणि खाली. नंतर डॉक्टरनं सांगितलं, नव्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत, त्यातलं एक मी वेगळंही घेत होते. म्हणजे दुप्पट. बी.पी. पार खाली. हे एवढं तपासायला हवं होतं मी. तिकडे हे सगळं हे बघायचे. डब्यांवर वार लिहून ठेवायचे.

कडी लावली नव्हती हे नशीब. शुद्ध आली तेव्हा डोकं आक्काच्या मांडीवर. ती ओल्या फरशीवर बसलेली, आणि गॅलरीत जाऊन हाका मारून सगळी गल्ली गोळा केलेली. "आरं यवा की कोनतरी! माजी भावजय पडल्या!"

माजी भावजय.

सलाइन लावून संध्याकाळी घरी. परदेशातला विमा इथे चालत नाही म्हणाले, जाऊ दे. आक्कानं रात्री पेज भरवली. हात धरून. मी नको म्हटलं नाही.


२१ नोव्हें., शुक्र.

आज ती बोलली. मी पलंगावर, ती उशाशी. पलंग तिनंच मला दिला.

"तुज्यावर लई राग हुता माजा. शिरपा माज्याच पदराखाली वाडला, आन् तू घिऊन गेलीस समुद्रापार. पोरगं मेल्यावर पयला फोन त्याचाच. कोनी सांगितलं त्याला, देव जाने. म्हनला, आक्का, माज्या घरात जाऊन ऱ्हा."

"मला काही बोलले नाहीत ते," मी म्हटलं.

"मीच म्हनलो, सांगू नगंस. जिचं तोंड बघनार न्हाय म्हनलो, तिच्याच घरात ऱ्हायाचं? लाज वाटत हुती. त्यो दर फोनला इचारायचा, आक्का, तिला सांगू? मी म्हनायचो, थांब. मी मरंस्तवर थांब."

आठवडाभर ह्यांच्यावर किती चिडले होते मी. फोटोशी मनातल्या मनात भांडले.

मग ती म्हणाली, "पर औंदा शिमग्यापास्नं एकदा बी इचारलं न्हाय त्यानं."

मी उशीवरून मान वळवली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. काही कळलं नाही. जाड भिंगाआडचे डोळे, कळणार काय.


२२ नोव्हें., शनि.

वाडीच्या गुरुजींशी बोलणं झालं. सोमवारी या म्हणाले, सकाळी लवकर, नावेतून मध्यावर नेतो. "बरोबर घरचं कोण?"

घरचं कोण. मी. बाळू. आणि जिनं ह्यांना वाढवलं, ती इथे हॉलमध्ये शेंगा सोलत बसणार?

बाळू म्हणाला, "तुम्ही गुपचूप जाऊन या. त्यांना वाडीला दर्शनाला न्हेऊ पुन्हा कधीतरी." मेघा म्हणते, लवकर परत ये, तिथे एकटी काय करतेस. आक्काला एखाद्या आश्रमात ठेवू, चांगले असतात हल्ली.

मी दोघांना सांगितलं, तिच्याशिवाय अस्थी सोडणार नाही. म्हणजे आधी सांगावं लागणार. बाळूला म्हटलं, उद्या फोन करू नकोस. तो म्हणाला, "तुम्ही आज सांगितलंत तर न्हाई करत. न्हाई सांगितलंत तर त्या उपाशी बसतील. मग मी करणारच."

दुपारी सांगायला बसले. "आक्का, एक बोलायचंय." ती म्हणाली, "बोल की." मी म्हटलं, "भाकरी फार छान करता."

संध्याकाळीही नाही.


२३ नोव्हें., रवि.

सकाळी लवकर उठून सांगायचं ठरवलं. ती न्हायला. मग देवापुढे. मग खुर्चीत येऊन बसली, नेहमीसारखी. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं, तिचा हात हातात घेतला. "आक्का, ऐका." तोंड उघडलं आणि मोबाईल वाजला.

तिनं बघितलं. बटण दाबलं नाही. दोरी डोक्यावरून काढली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"आज तू बोल."

"मी?"

"नवरा हाय न्हवं तुजा? हितं आल्यापास्नं एकदा बी फोन लावला न्हाईस त्याला. त्येनं बी इचारलं न्हाय, बायकू पडली, बरी हाय का म्हनून." फोन वाजतच होता. "घे की."

घेतला. स्पीकर लावला नाही, कानाला लावला. पलीकडे बाळूचा श्वास. "आक्का, मी..." म्हणाला. मग मी बोलत नाही म्हटल्यावर कळलं असावं. "काकू?"

ती टक लावून बघत होती. दोन्ही हात मांडीवर. एक थेंब नाही, एक सुरकुती हलली नाही. मी काय बोलणार होते? मी म्हटलं, "मी गोळ्या बदलल्याचं तुम्हाला कळलं असतं, तर रागावला असतात मला." कुठून आलं तोंडात, माहीत नाही. नऊ महिन्यांत ह्यांच्याशी मोठ्यानं बोलले नव्हते. आणि मग थांबता येईना. गुडघ्याचं सांगितलं. गराजमध्ये जाता येत नाही ते सांगितलं. आक्कानं पेज भरवली ते. बाळू पलीकडे रडत होता, नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं.

फोन ठेवला.

"काय म्हनतोय?" आक्कानं विचारलं.

हळू विचारलं. नेहमी ओरडून बोलते ती.

"सांगते," म्हटलं. "आलेच."

आत आले. कपाट उघडलं, शालीसकट डबा खाली काढला, पलंगावर ठेवला. शेजारी बसून हे लिहितेय. लिहून झालं की डबा घेऊन बाहेर जायचं.

बाहेरून हाक आली.

"नलू, यं की गं भाइर."

नावानं. पहिल्यांदाच.